भोकं जुळली म्हणून

पंचवीस भोकांचा प्लग. भोकांत हळद.

पाटावर बसलेले मामा.

उदगीरचा मुलगा, फोटोत हसतो.

विजेच्या तीन फेजांतला एक गेला की पंप आपोआप बंद.

लॅपटॉप म्हणतो, प्रिंटर सापडला. कुठला प्रिंटर? घरात प्रिंटर नाही.

शनिवार सकाळ, बीदरजवळचं कोळार. मनीषा ओरडते आहे.

तिच्या पुढ्यात तळहाताएवढा बोर्ड. वरची चिप कोरी. चिपनं काय व्हायचं ते आपण लिहायचं आणि केबलीतून आत भरायचं. वीज गेली की चिप विसरते, पुन्हा भरायचं. मनीषानं पंप वाचवणारं सर्किट लिहिलं. कॉलेजातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते चालतं, कारण त्याला बोर्डाची केबल बसणारी प्रिंटरची जुनी खाच आहे. लॅपटॉपला नाही. आणि सोमवारी बंगळूरचे कंपनीवाले कॉलेजच्या हॉलमध्ये बसून लॅपटॉपवरूनच बघणार. चाललं तर ट्रेनिंग, नोकरी. नाही तर उदगीरचं स्थळ.

म्हणून बोर्डाला थेट लागणारी यूएसबी केबल हवी होती. हैदराबादला मी जाते, म्हणाली. आई म्हणाली, पोरीनं कामून जायचं, मामा ट्रक घेऊन चाललेत की!

रेवणप्पामामांनी आणला तो प्रिंटरचा अडॅप्टर. मनीषाच्या आईनं, म्हाळसाबाईंनी, भावानं आणलेली वस्तू म्हणून सील फोडून देवापुढं ठेवला, हळदकुंकू लावलं. आता दुकानदार परत घेणार नाही.

"बसला की न्हाई प्लग?" मामा म्हणाले.

"बसला! बसला म्हणजे चालला व्हय? ह्ये फकस्त प्रिंटरशी बोलतंय. मला एकेक तार वेगळी हलवायचीय!"

"यूएसबी म्हटलीस, यूएसबी आणलं."

"बैल म्हटलं की कुठलाबी बैल आणताव का, मामा? दात बघताव, खांदा बघताव. माझ्या वस्तूचं कोण बघितलं?"

"तोंड आवर," म्हाळसाबाई म्हणाल्या. "मामाचा मान हाय का न्हाई? अण्णा, तू चहा घे."

"मान त्येंचा, देवाचा, डब्याचा! सोमवारी हॉलमध्ये मानाला उभं करू?"

"लगीन झाल्यावर ह्या तारा कोण हलवणार हाय?" आई पुटपुटली.

मनीषानं अडॅप्टर उचलला. फेकला नाही. मामांच्या चहाच्या बशीत ठेवला.

"अप्पा, तुमी तर बोला!"

तिचे वडील, श्रीशैलअप्पा, खिडकीबाहेर बघत होते. मामा अप्पांकडं बघत होते. मग चहा न पिताच उठले.

"चल, ट्रकमध्ये बस. सोडतो हैदराबादला."

"नको. मी बसनं जाते. दुकानात मीच बोलणार, डबा मीच उघडणार, चुकलं तर मीच चुकणार."

"एकटी?" म्हाळसाबाई दारात आडव्या झाल्या.

"बोर्ड हाय संगट."

ती आईच्या हाताखालून वाकून निघाली. लॅपटॉप छातीशी, बोर्ड रुमालात, चपलेचा एक पट्टा तसाच सुटा. बीदर स्टँडवर हैदराबादची गाडी लागलेली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोन आजारी हाय का, माय?" मनीषा म्हणाली, न्हाई. एवढ्या जोरात, की कंडक्टरनं वळून पाहिलं.

गुरुवारी हैदराबादच्या दुकानातून रेवणप्पांनी घरी फोन केला होता. यूएसबीचे दोन डबे दाखवायलेत, एक ल्हान, एक मोठा, कुठला घेऊ? मनीषा आतल्या खोलीत होती. फोन श्रीशैलअप्पांनी उचलला आणि तिला न विचारताच सांगितलं, "मोठा घ्या."