लाल ठिपक्याची चिठ्ठी

"सूऽऽ... सूऽऽ... कर वं माय, कर," ताईबाई चांदीच्या मागे उकिडव्या बसून विनवत होत्या. एका हातात प्लॅस्टिकचा डबा, दुसरा बकरीच्या पाठीवर. बसलेली बकरी उठली की पहिलं काम तेच करते, म्हणून तांबडं फुटायच्या आत आमच्या सासूबाई गोठ्यात हजर. सहा आठवड्यांत एक दिवस चुकला नाही. स्वतःला ताप आला आणि दवाखान्यात लघवी तपासायला सांगितली, तेव्हा लाजून पळून आल्या होत्या. बकरीची मात्र तीर्थासारखी जपून भरायच्या.

हे वेड लावलं योगराजनं. तो जनावरांचा डॉक्टर, पुढचं शिकत होता, धुळ्याहून साक्रीकडच्या आमच्या गावात यायचा. "अक्का, सुई नको, रक्त नको. बकरीला खाण्यातून प्रथिनं पुरतात की नाही, ते लघवी तपासून कळतं," असं त्यानं सांगितलं. मुतात सगळं दिसतं, हे ताईबाईंनी गावभर आपल्या भाषेत केलं, "मुतमा बठ्ठं दिसस!"

पहिल्या दिवशी त्यानं वाटीत चिठ्ठ्या टाकल्या. वयाचा मान म्हणून पहिली ताईबाईंनी उचलली. लाल ठिपका निघाला, शेजारच्या रत्नाला हिरवा. लाल म्हणजे शुभ, म्हणून ताईबाईंनी चिठ्ठी देवाजवळ ठेवली. मी बारावी शिकलेली, पण ठिपके दोन रंगांचे का, हे मलाही विचारावंसं वाटलं नाही.

मग ठिपक्याप्रमाणे पोती आली. कोरडा चारा आणि पोत्यातलं खाणं, बाकी काही नाही. "शेवरीचा पाला, बाभळीच्या शेंगा अजिबात नको, अक्का. नाहीतर लघवी खोटं बोलेल." ताईबाईंनी शब्द पाळला. चांदी बांधावरच्या शेवरीकडे मान ताणून ओरडायची आणि ह्या तिला दोरीनं ओढून आणायच्या. चौथ्या आठवड्यात तिचं दूध आटलं. जुळ्यांतलं एक पिल्लू गेलं. बकऱ्यांत जन्म गेलेली बाई, पण म्हणाली, "दृष्ट लागनी व्हई." डॉक्टर शिकलेला होता ना!

काल दुपारी उरलेल्या पिल्लासाठी दूध मागायला ताईबाई रत्नाकडे गेल्या. तिच्या बकऱ्यांच्या कासा भरलेल्या. ताईबाईंनी तिच्या पोत्यात हात घातला आणि चिमूटभर तोंडात टाकलं. सरकीची पेंड. घरी येऊन आपल्या पोत्यातलं चाखलं. मक्याचा भुसा, वर गुळाचं पाणी. तशाच विळा घेऊन बांधावर गेल्या आणि शेवरीचा भारा आणून चांदीपुढे टाकला.

आज सकाळी योगराज बर्फाची पेटी घेऊन आला.

"रत्नाना पोतामा पेंड, मन्हा पोतामा भुसा. तुले माहीत व्हतं?" ताईबाईंनी विचारलं.

तो पेटीच्या झाकणाशी चाळा करू लागला. "अक्का, तुलनेला एक गट तसा ठेवावाच लागतो. आणि चिठ्ठी तुम्हीच उचललेली."

"चिठ्ठी मी उचली. पन तिनामा काय शे, ते तुले माहीत व्हतं. माले कसाले सांगं नही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पाला घातला असता."

"घालतूच ना! मन्ही बकरी शे ती."

मला त्याचा असा संताप आला! पिल्लू गेलं त्या दिवशी हा इथंच होता. ताईबाईंचे हात हातात घेऊन "वाईट झालं, अक्का" म्हणाला होता. पण त्याआधी त्यानं वहीत 'एक दगावलं' असं लिहून घेतलं होतं.

"आजचा शेवटचा नमुना आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तो नसला तर माझं सगळं वाया जाईल."

आता ह्या त्याला हाकलतील असं मला वाटलं. त्या उठल्या, गोठ्यात गेल्या आणि बाटली भरून घेऊन आल्या. योगराजचा जीव भांड्यात पडला.

"थांब," ताईबाई म्हणाल्या. "काल दुफारपाईन ती शेवरीना पाला खाई ऱ्हायनी. पोटभर. तेबी लिख."

त्याचा चेहरा उतरला. "मग ही काही उपयोगाची नाही. अक्का, तुम्ही सांगितलं नसतं तर..."

"तर तू फसता. मन्हासारखा."

ताईबाईंनी मला चहा ठेवायला सांगितला. आलेल्या माणसाला तसं पाठवायचं नाही, हा त्यांचा नियम. मी कप दिला तेव्हा त्याच म्हणाल्या, "कोरा शे, भाऊ. घरमा दूध नही."

तो उभ्यानंच कप धरून राहिला. ताईबाई त्याच्याकडे पाठ करून गोठ्यात बसल्या आणि पिल्लाला चांदीच्या कासेला लावलं. पिल्लू ढुसण्या देत होतं. दूध येत नव्हतं.