डाव्या बाजूची पट्टी

"मास्तर, तोंडाने काही सांगू नका. तुम्ही आपलं काम करा, मी मागे बसते," एमेफा म्हणाली, आणि स्टूल ओढून ती चर्चच्या गाण्याच्या मास्तरांमागे खरंच जाऊन बसली.

मास्तर वैतागले. त्यांना कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर ती नाचरी पट्टी हवी होती. बाण जवळ गेला की चित्रं टम्म फुगतात आणि दाबलं की टुणकन उडी मारतात ना, ती. पुतण्याच्या कॉम्प्युटरवर पाहिली होती म्हणे.

"अगं, पण मला ती आवडते!"

"आवडते हो. पण तुमचं मशीन म्हातारं झालंय. चित्रं नाचायला लागली की त्याला धाप लागेल."

मी दारातून हसले. माझं झेरॉक्सचं दुकान तिच्या दुकानाला लागूनच, 'हो' नावाच्या आमच्या गावात, कोर्टामागे. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे तिच्याकडचं सगळं मला फुकटात ऐकू येतं. एमेफा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मला 'दा' म्हणते, म्हणजे ताई. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारे गावात पुष्कळ आहेत. पण स्क्रीनच्या कडेची ती चित्रांची ओळ, जिच्यावर दाबलं की काम उघडतं, ती पट्टी लावावी तर एमेफानेच. बाकीचे जी आली ती ठेवतात. ही आधी अर्धा तास गिऱ्हाइकाच्या मागे बसणार. हात कुठे जातो, कुठे अडखळतो, ते बघणार. मग म्हणणार, "तुमच्याकडे अकरा चित्रं आहेत, लागतात चार." औषधवाल्याची पट्टी तिने वर नेली, कारण त्याच्या स्क्रीनचा खालचा भाग गल्ल्याआड जायचा. मास्तरांना शेवटी तीन चित्रांची साधी पट्टी मिळाली. एक आठवडा ते फुगून होते, मग स्वतःहून भाजलेली केळी घेऊन आले.

असलं बारीकसारीक काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. माझ्या भरायचं, म्हणून सांगतेय.

एक दिवस दोत्से आले. कोर्टासमोरच्या आंब्याखाली अर्ज लिहिणाऱ्यांची टेबलं आहेत, त्यांतलं पहिलं त्यांचं. पस्तीस वर्षं, आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. अख्खं गाव त्यांना 'तोग्बे', म्हणजे आजोबा, म्हणायचं. जमिनीचे तंटे, चुकलेली नावं, जामीन, सगळ्याचे अर्ज त्यांच्या हातचे. कोर्टातले साहेबसुद्धा म्हणायचे, दोत्सेंचा कागद असला की वाचायला चष्मा लागत नाही. त्या वर्षी धुळीच्या वाऱ्याच्या दिवसांत त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली.

काठी टेकत आले आणि लॅपटॉप एमेफाच्या टेबलावर ठेवला. मग सोबत आलेल्या त्यांच्या बायकोने सांगितलं, "शुक्रवारी तीन महिने होतात. तीन महिने टेबल रिकामं राहिलं की दुसऱ्याला देतात. अर्ज लिहिणाऱ्यांच्या संघटनेचा सेक्रेटरी लुमोर म्हणाला, शुक्रवारी बसून एक अर्ज पुरा केला तर टेबल यांचं. नाहीतर गेलं."

"लुमोरला काळीज आहे की नाही!" मी म्हणाले.

"त्याचं काय चुकलं? नियम यांनीच केलाय," ती म्हणाली. दोत्सेंनी मान हलवली. खरंच, त्यांनीच केला होता.

"डावा हात चालतो ना, तोग्बे?" एमेफाने विचारलं.

म्हातारा काठीकडे बघत राहिला. मग एकेक शब्द ओढत म्हणाला, "डाव्याने... लोकांसमोर... नाही."

आता यात आमच्याकडचं कोणीही काय बोलणार? डाव्या हाताने देणं, दाखवणं म्हणजे समोरच्याच्या थोबाडीत मारणं. वेळ आलीच तर आधी म्हणायचं, "डावा आहे हो!" समोरचा म्हणतो, "हातच आहे तो!" झालं, मिटलं. पण आधी माफी मागायला हवी. आणि मागितल्यावर उत्तर द्यायलाच हवं. ते न देणं हा तर त्याहून मोठा अपमान. दोत्सेंची जीभ अशी, की 'डावा' म्हणेपर्यंत समोरचा कागद घेऊन घरी पोचेल. पस्तीस वर्षं ज्यांनी लोकांची अदब शब्दांत मांडली, ते रोज शंभर वेळा बेअदबी करणार होते.

एमेफाने लॅपटॉप ठेवून घेतला. मंगळवार होता.

बुधवारी पट्टी तयार. प्रत्येक चित्रामागे एक तयार मसुदा: जमीन, जामीन, नाव, दफनाची परवानगी. दोत्सेंनी फक्त नावं आणि तारखा भरायच्या. आधी तिने फुगणारी चित्रं ठेवली होती, म्हाताऱ्याला मोठं दिसावं म्हणून. पण हात कापायचा, बाण पोचेपर्यंत चित्र फुगून शेजारी सरकायचं, आणि दफनाच्या जागी जामीन उघडायचा.

"मेलेल्याला... जामीन," दोत्से म्हणाले. स्वतःच हसले बिचारे.

मग तिने लपणारी पट्टी लावली. कडेला बाण नेला की बाहेर येते, नाहीतर दडते. ती तर त्यांना सापडेचना. शेवटी जाड, ठोकळी पट्टी, काडेपेटीएवढी चित्रं. ती तिने लावली उजव्या कडेला. मी म्हटलं, बरोबरच केलंस. एवढ्या मोठ्या माणसाने काय डावीकडून कामाला सुरुवात करायची?

पण माऊस डाव्या हातात आणि पट्टी स्क्रीनच्या त्या टोकाला. दोत्से हात ओढत नेत, मधेच दमत, उचलून परत नेत. तिसऱ्या खेपेला माऊस टेबलावरून खाली पडला. ते उठले. काठी घेतली.

"राहू दे, पोरी. देऊन टाक... टेबल."

ते गेल्यावर एमेफाने पडलेला माऊस उचलला. मग म्हणाली, "दा, आज मी त्यांच्या मागे बसलेच नाही गं. लोक काय म्हणतील ते बघून पट्टी लावली. त्यांचा हात बघितलाच नाही."

"हात बघायला म्हातारा आता येतोय कशाला!"

"मी आणते."

आणि आणलं तिने, गुरुवारी सकाळी, घरी जाऊन. काय बोलली देव जाणे. म्हाताऱ्याला बसवलं, उजवीकडची पट्टी तशीच ठेवून स्टूल घेऊन मागे बसली. मीही दुकान सोडून उभी राहिले. त्यांचा डोळा आधी डाव्या कडेला जायचा, हात त्याच्यामागून निघायचा आणि थबकायचा. थबकला की ओठ हलायचे. दर वेळी.

"काय म्हणताहेत गं?" मी कुजबुजले.

"माफी मागताहेत," एमेफा म्हणाली. "प्रत्येक वेळी आधी माफी मागताहेत. त्यांचं पहिलं काम तेच आहे, दा. आणि पट्टीवर नेमकं तेच नाही."

तिने पट्टी उचलून डावीकडे आणली. सगळ्यांत वर एक चित्र घातलं, हाताचं. मग माझ्याकडे वळली. "तुझं मशीन बंद कर आणि दार लाव. तुझ्याकडे बाहेरचा आवाज कमी येतो."

माझ्या दुकानात, कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून त्या माणसाने चाळीसेक वेळा तीन शब्द म्हटले. जीभ अडकायची, लाळ यायची, रुमालाने पुसून पुन्हा. एमेफा एकदाही "पुरे" म्हणाली नाही. मलाच रडू यायला लागलं, म्हणून मी उगाच शाईचा डबा शोधत राहिले. एकदा, फक्त एकदाच, ते जुन्या आवाजात आलं, कोर्टाच्या ओसरीपर्यंत पोचणाऱ्या आवाजात. "डावा आहे हो!"

"हेच," एमेफा म्हणाली आणि तिने रेकॉर्डिंग थांबवलं.

शुक्रवारी आंब्याखाली ही गर्दी. लुमोर घड्याळ बघत उभा. पहिली आली एक भेंडीवाली. तिच्या मुलीचं नाव जन्माच्या दाखल्यात चुकलं होतं. दोत्सेंचा डावा हात माऊसवर गेला तशा सगळ्यांच्या माना उंचावल्या. त्यांनी हाताचं चित्र दाबलं.

"डावा आहे हो!"

भेंडीवाली दचकली. आधी म्हाताऱ्याच्या मिटलेल्या तोंडाकडे बघितलं, मग मशीनकडे. मग टोपली खाली ठेवून मोठ्याने म्हणाली, "हातच आहे तो, तोग्बे! लिहा तुम्ही!"

लोक हसले, पण चांगलं हसले. दोत्सेंनी नावाचं चित्र दाबलं, मसुदा उघडला. एका बोटाने दीड तास. कोणी हललं नाही. कागद छापून आला, तो त्यांनी डाव्या हातात धरला, टेबलावर ठेवला, पुन्हा माऊस घेऊन वरचं चित्र दाबलं, आणि मग कागद उचलून लुमोरपुढे धरला. शिस्त म्हणजे शिस्त.

लुमोरने दोन्ही हात पुढे केले. "हातच आहे तो," म्हणाला. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. चष्मा न लावता. "सोमवारी आठला या, तोग्बे. उशीर चालणार नाही."

एमेफा तिथे नव्हतीच. दुकानात कोणाचा तरी पंखा साफ करत बसली होती. मी धावत जाऊन सगळं सांगितलं, तर म्हणाली, "चित्र पहिल्याच दाबात लागलं ना? नाहीतर जरा मोठं करते."

तीन वर्षं बसले दोत्से त्या टेबलावर. गेले ते रविवारी, जेवण झाल्यावर, खुर्चीतच. टेबल एका नव्या बाईंना मिळालं, आणि दोत्सेंच्या बायकोने लॅपटॉपही त्यांनाच देऊन टाकला. बाई तो पट्टी बदलून घ्यायला एमेफाकडे घेऊन आल्या. मी दारातच होते.

एमेफाने एकेक चित्र काढलं. जमीन, जामीन, नाव, दफन. वरचं एक उरलं. त्याच्यावर बाण नेऊन ती थांबली, आणि मग दाबलं.

"डावा आहे हो!"

"हातच आहे तो, तोग्बे," एमेफा म्हणाली. मीही म्हणाले. आणि त्या नव्या बाई, ज्यांनी दोत्सेंना कधी बघितलंही नव्हतं, त्याही म्हणाल्या. माफी ऐकल्यावर उत्तर न देऊन कसं चालेल?

एमेफाने ते चित्र काढलं. मग स्टूल ओढलं.

"बाई, तोंडाने काही सांगू नका," ती म्हणाली. "तुम्ही आपलं काम करा. मी मागे बसते."