काळा राजा विचार करतोय

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर आईच्या जेवणाच्या टेबलावर मांडलेला बघून चिंगीला धक्का बसला. खरं सांगायचं तर तो त्या दुपारचा सगळ्यात किरकोळ धक्का होता.

चिंगी म्हणजे आता दातांची डॉक्टर. दवाखान्यात तिला नुसतं बघून भलेभले खुर्चीचे हात घट्ट धरतात. पण आईच्या दोन खोल्यांत पाऊल टाकलं की ती चिंगीच. रविवार तिचा, शनिवार दादाचा, अशी वाटणीच झाली होती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि यापुढे तिने कुणाकडे राहायचं यावरून बहीणभावात असं काही वाजलं की विचारू नका. "माझ्याकडे लिफ्ट आहे," दादा म्हणाला. "माझ्याकडे माणुसकी आहे," चिंगी म्हणाली. झालं! तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद, फोनसुद्धा नाही.

"हे धूड खाली कुणी काढलं गं?"

"दादाने, काल," आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "टाकून द्यायच्या आधी चालतंय का बघ म्हटलं. तूही बघून घे."

चिंगीने बटण दाबलं. आतला पंखा म्हाताऱ्यासारखा खोकला, पडदा उजळला आणि तुतारी वाजली. ती तुतारी! पर्स खांद्यावरून कधी घसरली ते तिला कळलंच नाही. ती टेबलाशी बसली ती थेट नऊ वर्षांची होऊन.

राज्यांचा खेळ होता तो. लाल राज्य दादाचं, त्याच्याकडे घोडेस्वार. निळं राज्य चिंगीचं, तिच्याकडे गरुड. मधे एक नदी, नदीवर एक पूल आणि पुलाला चिंगीच्या बाजूने दार. आणि डोंगरापलीकडे ड्रॅगनवाला काळा राजा! खेळ परदेशातून आलेला, त्याची भाषा दोघांनाही ओ का ठो कळत नव्हती. चित्रं बघून सगळं जमवलेलं. सुरुवातीला प्रत्येक राज्यापुढे एक खूण निवडायची होती, माणसाचं डोकं किंवा दातेरी चाक. दादाने तिन्ही राज्यांना डोकीच दिली. राजाला डोकं नको का?

दादा सकाळी शाळेआधी खेळायचा, त्याच्यामागून चिंगी. मग पडद्यावर काळा झेंडा यायचा आणि खाली एक ओळ. "काळा राजा विचार करतोय," दादाने सांगून ठेवलेलं. "कुणी बटणाला हात लावायचा नाही. खेळ बिघडेल." दोघं शाळेत जायची आणि संध्याकाळी येऊन बघतात तर काय, स्वारीचा विचार झालेला, ड्रॅगन हललेले! फार सावकाश विचार करायचा हो तो. रविवारी तर करायचाच नाही.

पण चिंगी त्याला पुरून उरली होती. तापाने फणफणलेली असताना कशीबशी पाळी खेळली आणि काळा राजा वेढा उठवून चक्क पळाला. वर तिच्या दाराशी एक एकशिंगी घोडा सोडून गेला! "मला टरकला," हे ती अख्ख्या शाळेला सांगत फिरली होती. अजूनही दाढ काढताना पेशंटचं मन रमवायला सांगायची.

दादा कॉलेजला दुसऱ्या गावी गेला त्या दिवशी काळ्या राजाचीच पाळी होती. बिचारा विचार करत करतच माळ्यावर गेला.

आणि आता पडद्यावर निळा झेंडा होता.

चिंगी ताठ झाली. निळा? म्हणजे काळा राजा खेळला, आणि त्याच्यानंतर लालसुद्धा. म्हणजे दादा काल इथे बसून खेळला! नकाशा उघडला आणि तिचं डोकंच सटकलं. लालचे सगळेच्या सगळे घोडेस्वार तिच्या पुलावर उभे होते.

"वा रे वा! तोंड दाखवायचं नाही आणि चोरून हल्ला करायचा!" तिने फाडकन पुलाचं दार लावलं, गरुड नदीकाठी आणून बसवले आणि पाळी संपवली.

काळा झेंडा आला आणि खाली ती ओळ.

आता बघा, कॉलेजात चिंगीने ती भाषा चांगली शिकून घेतली होती. ओळीवरून नजर फिरली आणि पुढे गेलीच नाही. ओळ अशी होती: 'काळ्या राजा, तुझी पाळी. तयार असशील तेव्हा कोणतंही बटण दाब.'

तिने पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

म्हणजे तो विचार करत नव्हता! कॉम्प्युटर काहीच करत नव्हता. माणसाचं डोकं म्हणजे माणूस, दातेरी चाक म्हणजे यंत्र. इतकी वर्षं तो डबा मुकाट्याने कुणातरी माणसाची वाट बघत बसायचा आणि तो माणूस रोज यायचा. आमच्या घरात, आम्ही शाळेत गेल्यावर! कोण? बाबा तर महिनोन्महिने बोटीवर असायचे.

"झालं का तुझं?" मागे काठी टेकल्याचा आवाज आला. "मग ऊठ. माझी पाळी आहे."

चिंगी वळली. दारात आई उभी होती. तीच आई, जी रोज "बंद करा तो डबा" म्हणून ओरडायची! चिंगीने आ वासला.

"मीट ते. काल दादाचंही असंच उघडं पडलं होतं. दातांची डॉक्टर ना तू? माशी जाईल."

"तू? काळा राजा तू?"

"एकदा पुसताना फडकं बटणांवर पडलं आणि डोंगर दिसले," आई खुर्चीत टेकत म्हणाली. "रात्रभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परक्यांचे फोन जोडून यायचं आणि दिवसा घरात बोलायला चिटपाखरू नाही. म्हटलं, बघू तरी पोरं काय करतात. बघते तर दोघं एकमेकांची गावं जाळताय! मग पाठवले ड्रॅगन. ड्रॅगन आले की कसे गुपचूप एक व्हायचात!"

"आणि माझा ताप? तो वेढा?"

"तापलेल्या पोरीला काय वेढा घालायचा?"

"आणि एकशिंगी घोडा?"

"तुला आवडायचा ना?"

चिंगीने कपाळाला हात लावला. आयुष्यातला एकमेव लष्करी विजय, आणि तो आईने औषधाबरोबर दिलेला!

आईने मात्र सफाईने माऊस धरला. टक, टक. तीन ड्रॅगन डोंगर ओलांडून निळ्या किल्ल्याच्या भिंतीवर बसले. चिंगी ओरडली, "अगं आई! माझे गरुड नदीवर आहेत! किल्ला रिकामा आहे!"

"दिसतंय मला. पुलाचं दार का लावलंस?"

"दादा हल्ला करायला आला होता म्हणून!"

आईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "काल मी त्याचे बुरूज जाळले. तो म्हणाला, आता निळ्यांकडेच जायला हवं. सगळे घोडे तुझ्या दाराशी नेऊन उभे केले आणि मग कितीतरी वेळ हातात फोन धरून बसला. लावला नाही."

चिंगीला वाटलं, कुणीतरी खुर्ची काढून घेतली. लढायला नव्हता आला. दादा दाराशी येऊन उभा होता आणि तिने त्याच्या तोंडावर दार लावलं होतं.

"दोघं तावातावाने भांडलात की मी कुणाकडे राहायचं," आई पडद्याकडे बघतच म्हणाली. "काळ्या राजाला कुणी विचारलं? त्याला स्वतःचा किल्ला आहे. तो कुठेही जाणार नाही. दोन्ही राज्यांनी मिळून न्हाणीघरात धरायला एक दांडी बसवून दिली तर पुष्कळ झालं." तिने पाळी संपवली. लाल झेंडा आला. "आता दादाची पाळी."

"तो शनिवारी येणार! तोवर—"

"तोवर ड्रॅगन तुझ्या भिंतीवर ताटकळत ठेवू? त्यांना खायला कोण घालणार?"

चिंगीने फोन उचलला. घाईत चुकीचा नंबर लागला, एका अनोळखी बाईची माफी मागितली, पुन्हा लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"दादा, आई काळा राजा आहे!"

"काल कळलं मला," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "रात्रभर झोपलो नाही." मग त्याने विचारलं, "पुलाचं दार उघडं आहे ना?"

"लावलं रे मी. मला वाटलं, तू..."

"गाढवच आहेस अजून."

"तूच गाढव! घोडे पाठवता येतात, फोन नाही करता येत?"

पलीकडे चाव्यांचा जुडगा खुळखुळला, दार आपटलं. "चिंगे, निघालो मी. दांडीचं सामान घेऊन येतो, आईने काल सांगितलंय. माझी पाळी झाली की लगेच दार उघड. आणि तिला सांग, मी येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, नुसता विचार करायचा!"

चिंगीने निरोप दिला. आईने पाय लांब केला, गुडघ्यावर शाल ओढली आणि ड्रॅगनांकडे बघत म्हणाली, "विचार करत बसायला मी काय कॉम्प्युटर आहे?"