हशाची जागा

एके काळी दर गुरुवारी संध्याकाळी ठसकेबाई रेडिओवर बोलायला लागल्या की न्हाव्याची कात्रीसुद्धा गिऱ्हाइकाच्या कानापाशी थबकायची. ठसकेबाई म्हणजे तोंडाने फटकळ, मनाने मऊ आणि दुसऱ्यांच्या संसारात नाक खुपसल्याशिवाय घास न उतरणारी म्हातारी. ते सोंग वठवायची मात्र एक काडीसारखी पोरगी. घरात तिला चिमी म्हणत, स्टुडिओतही तेच नाव पडलं.

आवाजाच्या परीक्षेला ती गेली तेव्हा वाचायला दिलेला उतारा घशातच अडकला होता. निर्मातेसाहेब कंटाळून म्हणाले, राहू द्या, मनाने काहीतरी बोला. मनाने काय बोलणार? तिने सकाळी आईने दूधवाल्याला कसं झापलं ते आईच्याच आवाजात बोलून दाखवलं. काचेपलीकडचा तंत्रज्ञ पोट धरून हसला, आणि त्या हसण्यावर चिमीची पुढची सगळी वर्षं उभी राहिली.

वाक्यं लेखकमहाशय लिहायचे. चिमी फक्त आवाज द्यायची. माइकमध्ये सळसळ जाऊ नये म्हणून वाचून झालेला कागद उलटायचा नाही, हलकेच खाली गालिच्यावर सोडायचा, हे ती आठवड्याभरात शिकली. हशाला जागा सोडायला शिकायला मात्र वर्ष गेलं. साहेब म्हणायचे, विनोद बोलून झाला की थांब, नाहीतर हशा तुझं पुढचं वाक्य खाऊन टाकतो. सुरुवातीला समोर खुर्च्यांवर निमंत्रित श्रोते असत. पुढे खुर्च्या गेल्या, श्रोते गेले, तरी ती थांबतच राहिली. घराघरांत कुणीतरी हसत असणार, त्यांच्यासाठी. ते थांबणं तिच्या श्वासातच जाऊन बसलं.

आईला यातलं काही कळलंय असं कधी दिसलं नाही. ध्वनिमुद्रण सकाळीच उरकायचं, त्यामुळे संध्याकाळी चिमीही घरी असायची. आई रेडिओपाशी बसून निवडणं-टिपणं करायची आणि म्हणायची, "काय बाई जीभ आहे! असली शेजारीण वैऱ्यालाही मिळू नये." चिमी मान खाली घालून हसू दाबायची.

मग चिमीच्या धाकट्या भावाने घरात कुणाला न सांगता लग्न केलं. आईच्या तोंडाचा पट्टा सुटला. सुटता सुटता ती म्हणाली, मी मेले तरी या दारात येऊ नकोस. तो आला नाही. राग ओसरल्यावर आई दोनदा त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आली, हे चिमीला माहीत होतं. आज जाईन, उद्या जाईन करता करता एका सकाळी आई मोरीत कोसळली. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

चिमीने कार्यक्रम सोडते म्हणून सांगितलं. साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ठसकेबाई गप्प झाल्या तर लोक काय म्हणतील ते ऐकवलं. ती परत कामाला लागली. आईच्या घरात आईचा आवाज आता फक्त गुरुवारी, त्या लाकडी खोक्यातून यायचा. ऐकताना आईच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायचं. हसण्याचं की कशाचं, अर्ध्या चेहऱ्यावरून ओळखता येत नसे.

त्याच दिवसांत धाकट्याला परदेशी नोकरी लागली. निघायच्या दिवशी दुपारी तो दारात येऊन उभा राहिला, खांद्याला पिशवी तशीच. आत येऊ की नको, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

आईच्या घशातून घरघर निघाली. तिने डाव्या हाताने चिमीचं मनगट धरलं. मग ते सोडून दोन बोटं चिमीच्या गळ्याला लावली आणि धाकट्याकडे दाखवलं. पुन्हा गळ्याला, पुन्हा त्याच्याकडे.

म्हणजे ठसकेबाईंचा आवाज कुणाचा, हे आईला पहिल्यापासून माहीत होतं.

ती आईच्या आवाजात म्हणाली, "आलास? केवढा वाळलास रे."

धाकट्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. तो दोन पावलं आत आला. आईने पुन्हा मनगट धरलं, घट्ट.

"त्या दिवशी मी जे बोलले ना," चिमी म्हणाली, आणि पुढे काही सुचेना. हातात कागद नव्हता. आजवर या आवाजात ती स्वतःचं असं एक वाक्य बोलली नव्हती. जे पहिलं आलं ते तिने बोलून टाकलं. "ते माझं तोंड बोललं, मेलं मला न विचारता."

आणि ती थांबली. सवयीने, मोजून थांबावं तशी थांबली.

त्या जागेत धाकटा हसला. डोळे पुसत, मोकळा होऊन हसला. "ताई, अगदी ठसकेबाई! तिकडे हे ऐकायला मिळायचं नाही. अजून एक होऊ दे."

आईची बोटं मनगटावरून सुटली.

"अरे, हे माझं नाही," चिमी आता आपल्या आवाजात म्हणाली. "आईला तुला काहीतरी सांगायचंय."

"मला हसवून पाठवतेस, कळलं मला," तो म्हणाला. "आईला जे सांगायचं होतं ते तिने सांगितलंय, ताई. मी विसरलो नाही." त्याने आईचा निर्जीव उजवा हात क्षणभर हातात घेतला. तो हात त्याला धरू शकत नव्हता. डावा हात गादीवर त्याच्याकडे सरकत होता, पण खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.

तो गेल्यावर चिमी पलंगापाशी बसली. माफ केलं म्हणायचं होतं का? सुनेला घेऊन ये म्हणायचं होतं? नुसतं, पत्र टाक? हो असेल तर हात दाब, असं तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. आई दाराकडे बघत राहिली. हात तिने चादरीखाली घेतला होता.

गुरुवारी स्टुडिओत लेखकमहाशय कागद वाटत होते. चिमीने त्यांना विचारलं, एखाद्या आईने रागाच्या भरात मुलाला तोडलं आणि नंतर तिला ते मागे घ्यायचं असेल, तर ती काय म्हणेल?

त्यांनी चष्मा वर सरकवला, थोडा विचार केला आणि दोन-तीन वाक्यं सुचवली. सगळी चांगली होती. सगळ्यांवर लोक हसले असते.