हद्दीचे चार दगड

धाकटे भावजी शहरातून आले की आधी बूट झाडायचे. चिखल लागलेला नसला तरी झाडायचे. थोरलीला वाटे, या माणसाला रानाची एवढी किळस, मग रानाच्या अनुदानाची कशी नाही?

आठ वर्षं असंच चाललं होतं. नवरा गेल्यावर रान कसलं थोरलीनं आणि तिच्या सुनेनं, आणि शेतकऱ्याला म्हणून येणारं सरकारी अनुदान गेलं भावजींच्या टायरच्या दुकानात. का, तर अर्जावर नाव त्यांचं. "वहिनी, तुम्हाला कागदातलं काय कळतं?" एवढं म्हटलं की त्यांचं भागायचं.

यंदा नियम फिरला. तपासणीच्या बाईसमोर अर्जदारानं स्वतः रानाला फेरी मारायची, हद्दीचे चारही दगड दाखवायचे. जो दाखवील त्याचंच नाव पुढची पाच वर्षं कसणारा म्हणून लागणार. थोरलीनंही सुनेकडून अर्ज भरून घेतला होता. पैसा येतो नि जातो, नाव लागलं पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दगड कुठं आहेत हे भावजींनी विचारलं असतं तर तिनं सांगितलंही असतं. पण विचारायला मान खाली घालावी लागते. त्यांनी पहाटेच दुकानातला गडी पुढं पाठवला, पांढऱ्या रंगाचा डबा देऊन. "कडेचे मोठे दगड रंगवून ठेव." गडी टायरांतला, त्याला जो मोठा दिसला तो त्यानं रंगवला.

सून धावत आली. "आत्याबाई, धुण्याचा दगडसुद्धा रंगवला हो त्यानं!"

"रंगवू दे. दगडानं दगड रंगवला, त्यात नवल काय?"

दहा वाजता तपासणीची बाई आली. भावजी ताठ मानेनं पुढं निघाले. पहिला दगड बरोबर निघाला. आंधळ्याचाही नेम कधीतरी लागतो. दुसरा शेजाऱ्याच्या गोठ्यामागं. बाईनं नकाशा उलटा धरला, सुलटा धरला.

"इथून हद्द धरली तर शेजाऱ्याच्या गाई तुमच्या होतात."

"होऊ द्या की," मागून थोरली म्हणाली. "धार काढायला तरी भावजी येतात का बघू."

तिसरा दगड धुण्याचा. गड्यानं वरचा साबणाचा तुकडाही रंगवून टाकला होता. बाई हसली नाही, पण तिचं पेन थांबलं.

"आणि चौथा?"

घामाघूम झालेले भावजी त्याच दगडावर बसले. "वाहून गेला, मॅडम. पूर आला होता ना."

"पुराला अकरा वर्षं झाली," थोरली म्हणाली. "दगड गेला नाही कुठं. कललाय फक्त."

ती ओढ्याकाठच्या गवतात शिरली, विळ्याचे दोन हात मारले, पायाच्या अंगठ्यानं माती सारली. काळा, शेवाळलेला, कललेला दगड वर आला. मग दुसरा आणि तिसराही तिनं दाखवला, नकाशाकडं न बघता. बाई नकाशावर बोट ठेवून मान डोलावत गेली. फेरी पुरी करून दोघी धुण्याच्या दगडापाशी परतल्या.

"आजी, अर्ज केलाय तुम्ही?"

थोरलीनं कमरेला खोचलेला कागद काढला.

"त्यांना कुठं लिहिता येतं, मॅडम!" भावजी बसल्या जागेवरून ओरडले.

"सही येते. वेळ लागतो. थांबा."

रोप लावावं तसं एकेक अक्षर तिनं दाबून बसवलं. ऊन चढत होतं. तिला घाई नव्हती.

"वहिनी," भावजी हळूच म्हणाले, "घरातल्या घरात हे बरं दिसतं का?"

"आठ वर्षं तुमचंही घरातल्या घरातच चाललं होतं. तेव्हा बरं दिसलं ना?"

बाईनं थोरलीचं नाव लिहून घेतलं, शिक्का मारला. भावजी उठले. ओला रंग त्यांच्या काळ्या पँटच्या बैठकीवर भाकरीएवढा उमटला होता. सुनेनं तोंडावर हात धरला. काही न कळून ते सवयीनं खाली वाकले आणि बूट झाडू लागले.

"बूट राहू द्या, भावजी," थोरली म्हणाली. "मागं झाडा. आठ वर्षांत या रानातलं तेवढंच लागलंय तुमच्या अंगाला."