पाडव्याला मी बसले

मी एक जुनी म्हैस आहे. जुनी म्हणाले, म्हातारी नाही. तो शब्द माझ्यासमोर काढायची छाती आमच्या गडमुडशिंगी गावात अजून कुणाची झालेली नाही. माझं नाव गजरा. जात पंढरपुरी. माझी शिंगं मागं वळून पार पाठीवर टेकली आहेत आणि रस्त्यानं निघाले की एसटीसुद्धा बाजूला थांबते. शिक्षणाचं म्हणाल तर मित्रांनो, शाळा मी आतून पाहिलेली नाही. शाळेच्या कुंपणाचं गवत तेवढं खाल्लं आहे. तरी पण ऐका. सगळंच शहाणपण काही फळ्यावर लिहिलेलं नसतं.

माझा जन्म याच गोठ्यात झाला. आई माझी गरीब होती, कुणीही यावं, कुणीही धार काढावी. मी तसली नाही. माझ्या कासेला हात लावायचा तर तानाबाईनंच, दुसऱ्या कुणी लावला तर बादली कुठं जाऊन पडेल सांगता येत नाही. तानाबाई म्हणजे माझे मालक हंबीरराव यांची बायको. या घरातली पोरं माझ्या दुधावर वाढली. थोरला सम्राट तर तांब्या घेऊन माझ्या कासेखालीच बसायचा. ओठावर फेसाची मिशी घेऊन शाळेत पळायचा.

पण माझं खरं नाव झालं ते पाडव्याला. आमच्या कोल्हापूरकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटतात. अंगाला तेल, शिंगांना रंग, कपाळाला मोरपीस, गळ्यात कवड्यांची माळ. मग मालक मोटारसायकलचा सायलेन्सर काढून ठेवतो, गाडी बंदुकीसारखी वाजवतो आणि त्या आवाजामागं म्हैस पळते. दावं नाही, दोरी नाही. नुसत्या आवाजावर. हंबीररावांनी मला लहानपणापासून त्या आवाजामागं पळवलं. पाडव्याला मी निघाले की दोन्ही बाजूंनी माणसं ओरडायची, "आली, आली, हंबीररावाची गजरा आली!" मी मान वळवत नसे. ऐकू मात्र सगळं येत होतं.

पुढं मळ्यात नवा गोठा झाला. धार काढायचं यंत्र आलं. माझ्या लेकी, माझ्या नाती, सगळ्या तिकडं गेल्या. मी आटले होते, म्हणून मला घरामागच्या जुन्या गोठ्यात ठेवलं. मालकांची लाडकी, मिरवणुकीपुरती. माझे गुडघे फरशीनं सोलायला लागले, तेव्हा तानाबाईनं खाली जाड रबरी मॅट टाकली. एवढं कौतुक झालं, पण सोबत गेली. तानाबाई शेण काढायला आली की तेवढा माणसाचा शब्द कानावर पडायचा. मग दिवसभर समोर भिंत. रवंथ करायला चारा लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. सोबतीला कुणी लागतं, हे कुणी विचारत नाही.

अशात सम्राटनं एक कुत्र्याचं पिल्लू आणलं. लॅब्रॅडोर की काय म्हणतात त्या जातीचं. भिजवलेल्या हरभऱ्याच्या रंगाचं, पायाचे पंजे हे एवढे. हंबीरराव तरुणपणी तालमीत कुस्ती खेळलेले. त्यांनी पंजे बघितले आणि म्हणाले, "ह्यो पैलवान हाय!" झालं. नावही तेच पडलं आणि खुराकही तोच सुरू झाला. दूध, अंडी, मटणाचा रस्सा, भिजवलेले बदाम. पिल्लू कसलं, गव्हाचं पोतं झालं ते. हंबीररावांनी त्याला मोटारसायकलमागं पळायला शिकवलं. येत्या पाडव्याला पुढं गाडी, मागं गजरा आणि तिच्या मागं पैलवान, असा त्यांचा बेत होता. आमच्या घरात ज्याला चार पाय, त्यानं त्या गाडीमागं पळायचं, एवढाच कायदा.

पिल्लू पळायचं. जीव तोडून पळायचं. पण परत आलं की पुढचा उजवा पाय उचलून धरायचं. मी गोठ्यातून बघत होते. पाऊल टेकताना त्याची मान वर जायची.

तानाबाई म्हणाली, "अवो, लंगडतंय त्ये."

"आळस करतंय," हंबीरराव म्हणाले. "पळालं की पाय मोकळा व्हईल."

"मग तुमीच पळा की. गुडघं धरून उठताय सकाळी."

एके दिवशी पिल्लू रस्त्यातच बसलं. गाडी पुढं गेली, हंबीररावांनी मागं बघितलं, तर धुळीत ते पिवळं गाठोडं, शेपूट हलवतंय पण उठत नाही. त्यांनी गाडी तिथंच लावली आणि त्याला खांद्यावर टाकून घरी आणलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं तानाबाई मला शेण काढताना म्हणाली.

दवाखान्यात मी गेले नव्हते. म्हशीला कोण गाडीत बसवतंय? पण तानाबाईच्या तोंडून सगळं कळलं. जनावरांच्या डॉक्टर शाहिस्ता यांनी फोटो काढून हाडं दाखवली. पुढच्या पायाच्या कोपराचा सांधा जन्मापासूनच नीट जुळलेला नव्हता. आत हाडाचा एक कपचा सुटून टोचत होता. हा दोष कुणी केलेला नव्हता, पण वजन आणि पळापळ यानं दुखणं वाढलं होतं. ऑपरेशन करावं लागणार होतं.

"कुत्र्याला कोपर असतंय हेच मला ठावं न्हवतं गं, गजरा," तानाबाई म्हणाली. मी माझ्या पुढच्या पायांकडं बघितलं. मलाही ठावं नव्हतं. पण मी तसं दाखवलं नाही.

ऑपरेशन झालं. खरी परीक्षा तर पुढंच होती. डॉक्टरांनी सांगितलं, सांधा भरून येईपर्यंत उडी नाही, जिना नाही, पळणं तर नाहीच. या दिवसांत एक उडी मारली तर केलेलं सगळं वाया जाईल आणि पोरगं जन्मभर लंगडं राहील. त्या स्वतः घर बघायला आल्या. आमच्या घरात आरशासारखी फरशी. त्यांचाच पाय सटकला.

"मावशी, हितं मीच पडायला लागलीय. ह्याचं काय व्हईल?"

"मग कुठं ठिवू ह्याला? डोक्यावर घिऊ?"

डॉक्टर मागच्या दारानं गोठ्यात आल्या. खाली रबरी मॅट बघितली, पायानं दाबून बघितली. "हितं. ह्याच्यापेक्षा चांगली जागा माझ्या दवाखान्यात पण न्हाई."

"गोठ्यात? पैलवानाला?" हंबीरराव म्हणाले.

"मग? तुमी सोता गोठ्यातच जल्मलासा की!" तानाबाई म्हणाली आणि फळ्या आणायला गेली.

तर माझ्या गोठ्याचा एक कोपरा फळ्या लावून त्याला दिला. मला कुणी विचारलं नाही. पायावरची लव काढलेली, टाके घातलेले, चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचं भलंमोठं नरसाळं. मी नाकानं जोरात फुरकले. म्हटलं, मी या घराला दूध दिलं आणि शेवटी माझ्या शेजाराला हे नरसाळं आलं.

ते रडायचं. भुंकणं नाही, बारीक सूर लावून रडणं. घरातली माणसं यायची, गोळी द्यायची, फडक्यात बर्फ गुंडाळून सांध्यावर धरायची आणि आपापल्या कामाला जायची. दार लागलं की पुन्हा तो सूर. मला तो सूर ओळखीचा वाटला. माझ्या लेकी मळ्यात गेल्या तेव्हा मी तसाच लावला होता, फक्त माझा आवाज मोठा.

मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी उठले की ते उठायचं. मी चाऱ्याकडं वळले की ते फळीशी धडपडायचं. आणि मी बसून रवंथ करायला लागले, की ते नरसाळं हळूहळू खाली टेकायचं आणि त्यातून दोन डोळे माझ्या तोंडाच्या हालचालीकडं बघत बसायचे. बघता बघता मिटायचे. कुत्र्याला एका जागी राहायचं कसं ते ठाऊक नसतं. आम्हाला दुसरं काय येतं? जन्म दाव्यात गेला. म्हणून मी बसू लागले. वैरण समोर असली तरी बसून राहायची, अंग आखडायचं, तरी बसून राहायची.

डॉक्टरांच्याही ते लक्षात आलं. "मामा, ही म्हस उठली की ह्यो उठतोय. हिला शांत ठेवा."

हंबीरराव हसले. "म्हस काय नर्स हाय व्हय?"

तानाबाई मात्र शहाणी. ती मला वैरण तोंडापाशी आणून टाकू लागली. पैलवानाचा खुराकही तिनंच तोडला. एकदा हंबीरराव खिशात उकडलेलं अंडं घेऊन आले, तर तिनं बाहेरच अडवलं. "काढा त्ये. सांधा त्याचा, वजन तुमी वाढीवणार!" मग ती पैलवानाजवळ मांडी घालून बसायची आणि डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणं त्याचा पाय सावकाश वाकवायची, सावकाश सरळ करायची. भाकरी थापताना हाताला जशी घाई नसते, तशी.

आणि पाडवा आला.

सकाळी हंबीररावांनी मला धुतलं, तेल लावून काळी कुळकुळीत केली. शिंगं लाल रंगवली, कवड्यांची माळ घातली. खरं सांगते, माझं मन हललं. वर्षातून एकदाच तर ते दार माझ्यासाठी उघडतं. बाहेर गल्ली गोळा झाली होती. हंबीररावांनी दावं सोडलं आणि बाहेर जाऊन गाडी सुरू केली.

तो आवाज आला आणि माझे पाय आपोआप उचलले. उंबऱ्यापर्यंत मी आलेसुद्धा. तेवढ्यात मागं फळी वाजली. पैलवान उठला होता. तो आवाज त्याच्याही अंगात मुरलेला. पुढचे दोन्ही पाय त्यानं फळीवर टाकले होते, तो दुखरा पायसुद्धा. मागच्या पायांत बळ गोळा करत होता. उडी मारणार, हे कुणीही सांगितलं असतं. पण सांगायला गोठ्यात दुसरं कुणी नव्हतं.

बाहेर गाडी कडाडत होती. माणसं माझं नाव घेत होती.

मी वळले. मॅटवर आले. कवड्या, मोरपीस, सगळ्या साजासकट त्याच्यासमोर बसले आणि पोटात असेल नसेल ते काढून रवंथ करायला लागले.

ते थरथरत माझ्याकडं बघत राहिलं. बाहेर बघे, माझ्याकडं बघे. मी जबडा हलवत राहिले. मग त्यानं एक पाय खाली घेतला. मग दुसरा. आणि नरसाळं खाली टेकलं.

"ए गजराऽऽ!" हंबीररावांनी हाक मारली. गाडी आणखी वाजवली. मी हलले नाही.

शेजारचा बाळासो दारातून डोकावला आणि बाहेर ओरडला, "हंबीरराव, म्हस रिटायर झाली की वो तुमची! बसलीया!"

गल्ली हसली. एवढी वर्षं जी "आली, आली" म्हणायची, तीच गल्ली. हंबीरराव तांबडेलाल होऊन आत आले. हात वर झालेला. माझ्यावर त्यांनी तो कधी उगारला नव्हता. तेवढ्यात ओवाळायचं ताट घेऊन तानाबाई आली. तिनं पैलवानाकडं बघितलं, फळीवरचे नखांचे ताजे ओरखडे बघितले.

"आदी ती फटफटी बंद करा!" ती म्हणाली. "दिसंना व्हय तुमास्नी, कशापायी बसलीया त्ये?"

हंबीररावांचा हात खाली आला. बाहेर जाऊन त्यांनी गाडी बंद केली. परत येऊन गव्हाणीच्या कडेवर बसले.  मग त्यांनी हात ठेवला, तो पैलवानाच्या पाठीवर. माझ्या नाही.  तानाबाईनं तेवढं माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

मिरवणुकीत मळ्यातून माझी लेक मोना नेली. चांगली पळाली म्हणे. आईवर गेली आहे.

पैलवानाचा पाय सावरला. आधी तो दोरीला धरून गोठ्यात चार पावलं चालला, मग अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत. अंग बारीक झालं, चाल सुधारली. थंडीच्या सकाळी पाय जरा धरतो. डॉक्टर म्हणाल्या, तेवढं जन्मभर सांभाळायचं. त्याला आता कुणी गाडीमागं पळवत नाही. हंबीरराव त्याच्याबरोबर पायी फिरायला जातात, आणि दोघंही एकाच चालीनं चालतात. घरातल्या फरशीवर तानाबाईनं सगळीकडं तरटं अंथरली आणि मग पोरगं घरात गेलं. फळ्या निघाल्या. कोपरा झाडला. समोर पुन्हा भिंत आली.

येतो तो कधीमधी, दारापर्यंत. हुंगतो, शेपूट हलवतो आणि पाखरू उडालं की त्याच्यामागं जातो. मी रागवत नाही. बरा झालेला पाय एका जागी थांबत नाही, आणि थांबू नये म्हणूनच तर एवढं केलं. फक्त तो गेल्यावर मी लगेच उठत नाही. सवय लागली आहे बसायची.

मित्रांनो, तुमच्या घरी पिल्लू असेल तर त्याला पैलवान करू नका, पिल्लूच राहू द्या. ते पाय उचलून धरत असेल तर त्याला आळशी म्हणू नका, डॉक्टरकडं न्या. आणि बरं होण्यासाठी एखाद्या मुक्या जनावराला बांधून ठेवावं लागलं, तर बांधा, पण बांधून निघून जाऊ नका. थोडं त्याच्याजवळ बसा. उठताना पलीकडच्या दाव्याला कोण आहे तेही बघा. तिला काही आणायला नको, बोलायलाही नको. नुसतं बसलं तरी पुरतं.