अकरा सेकंद थांबलेली भिंगरी

मित्रांनो, मी एक जुनी कागदी भिंगरी आहे. मेंदूच्या तपासणीच्या खोलीत, टेबलाच्या वरच्या खणात माझा मुक्काम असतो. अशा गंभीर ठिकाणी खेळण्याचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. सुरुवातीला मलाही तसेच वाटायचे.

माझा जन्म रद्दीतून झाला. यंत्राची पेने नीट चालतात का, हे पाहण्यासाठी तंत्रज्ञ ताई रोज सकाळी कागदाचा एक तुकडा खर्ची घालत. त्यातल्याच एकाची त्यांनी चार पाती दुमडली, मध्ये टाचणी खोचली आणि पेन्सिलीच्या टोकावर मला बसवले. माझ्या पात्यांवर निळ्या शाईच्या नागमोडी रेघा आहेत. त्या अजून पुसल्या नाहीत.

मुलाच्या डोक्याला बारीक तारा चिकटवल्या, की यंत्र मेंदूतल्या विजेच्या लहरी कागदावर उतरवत असे. मग ताई मला पुढे धरून म्हणत, "हिला थांबू द्यायचं नाही हं!" तीन मिनिटे जोराने फुंकत राहिले, की काही मुलांच्या मेंदूत दडून बसलेला आजार लहरींमध्ये दिसतो. हा प्रयोग घरी करू नका, ती ताईंची विद्या आहे. नुसते 'श्वास घे, श्वास सोड' म्हटले तर मुले कंटाळत. मला मात्र गाल फुगवून फिरवत. पाहुणे यंत्राचे कौतुक करून जात. माझ्याकडे कुणी पाहत नसे. तरी बढाईचा दोष पत्करून सांगते, माझ्यावाचून त्या यंत्राचे पुष्कळदा अडत असे.

एकदा सात वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर आली. वर्गात तिला 'तंद्रीबाई' म्हणून चिडवत. बोलता बोलता ती गप्प होई आणि टक लावून बघत राही. अभ्यासात लक्ष नसेल तर तिला दुसऱ्या शाळेत घाला, असा निरोप आला होता.

"हिला काही झालेलं नाहीये, ताई," वडील म्हणाले. "नुसती नाटकं. हाक मारली तर ढिम्म. काल शेवटी एक ठेवून दिली."

ताईंनी मुलीच्या डोक्याला तारा चिकटवल्या आणि मला पुढे धरले. तिने मला फुंकायला सुरुवात केली. मी गरगर फिरू लागले. दोन मिनिटे झाली असतील, आणि अचानक तिची फुंकर तुटली. मी मंदावले, थांबले.

"झालं हिचं सुरू! अगं, फुंक की!" वडिलांनी तिचा खांदा हलवायला हात पुढे केला.

ताईंनी तो वरच्यावर धरला. "थांबा. तुमचा आवाज आत्ता तिला पोचतच नाहीये. हे बघा."

कागदावरच्या शांत रेघा एकदम उंच उसळल्या होत्या. सगळ्या एका तालात, सेकंदाला तीनदा. अकरा सेकंद तसेच चालले. मग रेघा निवल्या आणि मुलगी पुन्हा फुंकू लागली.

"बाबा, मी थांबले नाही ना?" शेवटी तिने विचारले.

वडील तिच्या गालाकडे पाहत राहिले. "नाही गं राणी. छान फुंकलंस. चुकलं ते माझं."

डॉक्टरांनी सांगितले, ही एक प्रकारची फिटच. फक्त यात मूल पडत नाही. गोळ्या सुरू झाल्या. शाळेला चिठ्ठी गेली. काही महिन्यांनी ती पुन्हा आली, आणि त्या दिवशी मी पुरी तीन मिनिटे फिरले. एवढा अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

आता शाईची पेने गेली, पडदे आले. अशा लहरी उसळण्याआधी वाढत्या मेंदूत नेमके काय घडते, यावर शेजारच्या खोलीत संशोधन चालते. मध्यंतरी माझ्या जागी पडद्यावरची भिंगरी आणली होती. मुले तिला फुंकण्याऐवजी बोटाने टिचक्या मारू लागली, म्हणून मला पुन्हा बाहेर काढले! माझे एक पाते फाटले आहे. ताई त्याला चिकटपट्टी लावून मला जपतात.

मित्रांनो, मला जपले नाहीत तरी चालेल. कागद पुष्कळ आहे. पण तुमच्या वर्गात कुणी बोलता बोलता असे हरवले, तर त्याला हसू नका. मोठ्यांना नक्की सांगा. आणि तो भानावर परत येईपर्यंत त्याच्या जवळ थांबा.